गल्लीत माळवं, गच्चीत माळवं: कोल्हापुरात पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्यांसाठी

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस आपल्यासमोर पिळली जाते आणि फेसाळ दुधाचा पेला तिथल्या तिथं हातात येतो. दूध डोळ्यांदेखत काढलेलं हवं, हा आपल्या शहराचा जुना हट्ट आहे आणि तो मला फार आवडतो. पण हाच हट्ट आपण भाजीच्या बाबतीत धरत नाही. वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिये ही पंचगंगेकाठची गावं शहराला लागून आहेत. शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावती अडवली, पुढे नद्यांवर कोल्हापुरी बंधारे झाले, म्हणून या काठाला उन्हाळ्यातही पाणी असतं आणि बारमाही माळवं पिकतं. तरीही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोचणारी कोथिंबीर दोन-दोन दिवस पोत्यात घुसमटलेली असते. मुलांना पावट्याचा वेल कसा दिसतो ते माहीत नसतं.

आजवर ज्यांनी खुरपं हातात धरलेलं नाही, अशांसाठी हा लेख आहे. मी मंगळवार पेठेत राहते. जुना वाडा पाडून बांधलेली इमारत, वर गच्ची, खाली पार्किंग, परडं कधीच गेलेलं. गेली सात वर्षं मी आणि आमच्या गल्लीतली काही घरं मिळून ताजी भाजी आणतो, थोडी पिकवतो. त्यातून जे हाताला लागलं ते क्रमानं सांगते. नव्या माणसाला मी एकच उद्दिष्ट देते: येत्या भोगीची भाजी. वांगं, पावटा, गाजर, हरभरा. गणपतीच्या सुमाराला सुरुवात केली तर जानेवारीच्या १३ तारखेपर्यंत यातलं बरंचसं आपल्या कुंडीतून येऊ शकतं.

आधी भाजी घ्यायला शिका

बी पेरायच्या आधी दोन आठवडे फक्त बाजार बघा. कपिलतीर्थ, पाडळकर, ऋणमुक्तेश्वर, जी मंडई जवळ असेल तिथं सकाळी सातच्या आत जा. रविवारी लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार बघा. गाळ्यांवरची भाजी आणि खाली पोतं अंथरून बसलेल्या बायकांची भाजी यांतला फरक लक्षात घ्या. गाळेवाला बहुधा मार्केट यार्डातल्या सौद्यातून माल उचलतो. पोत्यावर बसलेल्यांपैकी काही जणी स्वतःच्या रानातलं आणतात, काही जणी विकत घेऊन विकतात. दोन्ही कष्टाचीच कामं आहेत, पण आपल्याला पहिली ओळखता आली पाहिजे. जिच्यापुढे चार-पाचच प्रकार आहेत, मेथीच्या मुळांना ओली माती आहे, जुड्या लहानमोठ्या आहेत आणि दहा वाजायच्या आत जिची पाटी रिकामी होते, तिच्याशी बोलायला सुरुवात करा. गाव विचारा. पाणी कुठलं ते विचारा, विहिरीचं की नदीचं की नाल्याचं. नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी कितीही हिरवीगार असली तरी घेऊ नका.

‘जवारी’ हा शब्द वापरायला शिका. जवारी म्हणजे आपल्याकडचं जुनं, देशी वाण. जवारी काकडी बुटकी आणि जाड सालीची असते, जवारी गवारीला बारीक लव असते, जवारी कोथिंबिरीची पानं लहान आणि वास दूरवर जाणारा. दिसायला या भाज्या संकरित मालापुढे मार खातात, म्हणून मागणारं कोणी असेल तरच पेरल्या जातात. पालेभाजीत मेथी-पालकापलीकडे बघा. पोकळा, चाकवत, चुका, तांदळी, शेपू, करडई. पावसाळ्यात कृषी विभाग रानभाज्यांचा महोत्सव भरवतो, तिथं कुर्डू, टाकळा, भारंगी ओळखून घ्या. रानभाजी मात्र फक्त पुस्तकातलं चित्र बघून कधी तोडू नका. ओळखणाऱ्या माणसाबरोबर जा.

भाजीबरोबर तांदूळ आणि गूळही आले. आजऱ्याच्या घनसाळला आणि कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. गूळ घेताना पिवळाधमक रंग बघून भुलू नका, तो रंग बऱ्याचदा रसायनाचा असतो. ऊसतोडीच्या हंगामात एखाद्या गुऱ्हाळघरावर स्वतः जा, काहिलीपाशी उभे राहा, रानभेंडीच्या चिकट पाण्यानं मळी कशी वर आणतात ते बघा. अर्ध्या तासात चांगला गूळ कळायला लागतो.

मावशींना गल्लीत आणा

दोन आठवड्यांत एखाद्या मावशीशी ओळख झाली की दुसरं काम. सकाळी सातला मंडईत जाणं सगळ्यांना जमत नाही. म्हातारी माणसं, बाळंतिणी, पहिल्या पाळीला जाणारे कामगार यांच्यापर्यंत ताजी भाजी पोचायची तर ती दारात आली पाहिजे. २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आहे, त्यामुळे शेतकऱ्यानं आपला माल थेट ग्राहकाला विकण्यात आडकाठी नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळानं सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजाराची योजना काढली ती त्याच काळात. पण मोठ्या बाजाराची वाट बघत बसू नका. सात-आठ घरं पुरतात.

आमच्याकडे वडणग्याच्या एक मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. सुरुवातीला आम्ही नुसतं ‘या, सगळे घेतील’ म्हणून बोलावलं. पहिल्या दोन आठवड्यांत झुंबड उडाली, तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि खाली तिघीच उतरल्या. मावशी अर्धी पाटी घेऊन परत गेल्या. गाडीचं भाडं अंगावर, वर वाया गेलेला माल. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी आल्या नाहीत. मी त्यांच्या गावी जाऊन माफी मागितली आणि मग आम्ही पद्धत बदलली. आता दर घर महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम आधी देतं. आमच्याकडे आठवड्याला दोनशे रुपये धरतो, तुम्ही तुमच्या घरांना परवडेल ती रक्कम धरा. वहीत नाव आणि शिल्लक लिहिली जाते. एखादं घर बाहेरगावी असेल तर त्यांची भाजी शेजारी घेतात. भाव मावशी ठरवतात, घासाघीस करायची नाही. रानात जे असेल ते घ्यायचं. शेवटचं पथ्य सगळ्यांत अवघड आहे, कारण भर उन्हाळ्यात आपल्याला फ्लॉवर हवा असतो.

बसायला जागा इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा तालमीच्या कट्ट्यावर द्या. रस्त्यावर बसवलं की वाहतुकीचा आणि परवानगीचा प्रश्न येतो. पिण्याचं पाणी आणि चहा द्या. एवढं झालं की माणूस तुमचा होतो. गेल्या हिवाळ्यात मी मेथीच्या जुडीला हात घातला तर मावशी म्हणाल्या, “आक्का, ती नगा नेऊ, कालची हाय. पोकळा घ्या, पहाटं काढलाय.” अशी सांगणारी बाई मिळाली की ताज्या भाजीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गच्चीवर.

ऊन मोजा आणि वजन मोजा

कुंड्या आणायच्या आधी एका रविवारी गच्चीवर किंवा गॅलरीत सकाळी आठ, अकरा, दोन आणि चार वाजता जाऊन ऊन कुठं पडतं ते खडूनं फरशीवर आखा. वांगी, टोमॅटो, मिरची, वेल यांना रोज किमान सहा तास ऊन लागतं. पालेभाजीला तीन-चार तास पुरतात. पेठांमधल्या अरुंद बोळांत पहिल्या मजल्याच्या गॅलरीला दोन तासही ऊन मिळत नाही. तिथं पुदिना, ओवा, गवती चहा लावा आणि भाजीसाठी गच्चीवर जागा मागा. ऊन नसलेल्या जागी टोमॅटो लावून निराश झालेले कितीतरी जण मी बघितलेत. त्यांच्या हाताला गुण नाही असं त्यांना वाटत राहतं, आणि दोष फक्त जागेचा असतो.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. वीस लिटरची बादली नुसत्या मातीनं भरून पाणी घातलं तर तीस किलोच्या पुढे जाते. अशा पन्नास बादल्या एका कोपऱ्यात म्हणजे दीड टन. जुन्या इमारतीत आधी जाणकाराला स्लॅब दाखवा. बादल्या गच्चीच्या मधोमध न ठेवता खालून भिंत किंवा बीम जातो त्या कडेनं ठेवा, खाली दोन विटा द्या म्हणजे पाणी वाहून जाईल आणि ओल मुरणार नाही. भाड्याच्या घरात मालकांना, सोसायटीत सगळ्यांना आधी विचारा. खालच्या घराच्या छताला ओल आली की बाग संपलीच.

कुंड्या विकत घ्यायची घाई नको. पाण्यात मिसळायच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, फळांचे प्लॅस्टिकचे क्रेट, धुतलेली पोती, सगळं चालतं. तळाला करंगळीएवढी पाच-सहा भोकं पाडा. पहिल्या वर्षी दोन क्रेट आणि सहा बादल्या, बस्स. जो तीस कुंड्यांनी सुरुवात करतो तो पहिल्याच उन्हाळ्यात पाणी घालून दमतो.

माती घडवायची असते

इथं थोडं थांबते, कारण नव्या माणसाचं सगळ्यांत जास्त नुकसान मातीत होतं. नदीकाठची काळी माती शेतात सोन्यासारखी असते, पण बादलीत घातली की पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. पश्चिमेकडची तांबडी माती निचरा चांगला करते, पण तिच्यात कस कमी. मी दोन भाग तांबडी माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट आणि दर बादलीला दोन मुठी निंबोळी पेंड असं मिश्रण करते. ओलं करून मुठीत दाबायचं. लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर तो सहज फुटला पाहिजे. फुटला नाही तर पाचोळा वाढवा, वळलाच नाही तर शेणखत.

शेणखताबद्दल सांगायलाच हवं. कोल्हापुरात म्हशींचं कौतुक केवढं, दिवाळीच्या पाडव्याला त्या सजून रस्त्यानं निघतात. पेठांत अजून गोठे आहेत, शेण मिळायला तोटा नाही. पहिल्या वर्षी मी एका गोठ्यातून अर्धवट कुजलेलं शेण आणून बारा कुंड्यांत भरलं. दहा दिवसांत रोपं पिवळी पडली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी आणखी घातलं. शेवटी एक कुंडी उपडी केली तर बोटाएवढ्या, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या आठ अळ्या निघाल्या. हुमणी. उसाची मुळं कुरतडून उभा ऊस वाळवणारी तीच. ताज्या, अर्धवट कुजलेल्या शेणात तिचे भुंगे अंडी घालतात. शिवाय कच्चं शेण कुजताना तापतं आणि मुळं भाजतात, ते वेगळंच. तेव्हापासून मी उकिरड्याच्या तळचं, निदान सहा महिने जुनं शेणखत मागते. हातात घेतल्यावर ते गार लागलं पाहिजे, त्याला शेणाचा वास नसावा, पावसानंतरच्या मातीचा यावा. घरी आणल्यावर फरशीवर पसरून एक दिवस ऊन द्यायचं, चाळायचं आणि अळी दिसली तर काढून टाकायची.

पालापाचोळ्यासाठी आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही. तोडीनंतर उसाचं पाचट शेतातच पेटवलं जातं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक-दोन पोती मागून आणा, आच्छादन म्हणून कुंडीतल्या मातीवर दोन इंच पसरा, उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतं. शहरातल्या शहरात रसवंतीगृहांबाहेर चिपाडांचा ढीग पडलेला असतो, तो फुकट मिळतो. पण चिपाडात साखर असते, थेट कुंडीत घातलं तर मुंग्या लागतात. दोन दिवस पाण्यात भिजवायचं, पाणी ओतून द्यायचं, वाळवून तुकडे करायचे आणि बादलीच्या तळाचा तिसरा हिस्सा त्यानं भरायचा. बादली हलकी होते आणि सहा महिन्यांत चिपाडाची माती होते.

अशा टाकाऊ पाल्यातून माती घडवता येते आणि मूठभर जागेतही भरपूर पिकतं, हे कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोलकरांनी सांगितलं. ते गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवायचे. त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोग परिवारात शेतकरी आपापले प्रयोग एकमेकांना कळवत आणि त्यातून शिकत. द्राक्ष बागायतदारांनी त्यातून फार मोठी मजल मारली. गच्चीवर बादली भरताना ही ओळख आपल्या मातीतली आहे याचा मला अभिमान वाटतो.

स्वयंपाकघरातला ओला कचरा वेगळ्या बादलीत कुजवा. भोकं पाडलेली झाकणाची बादली, तळाला पाचट, मग भाजीची देठं-सालं, त्यावर दुप्पट वाळका पाला, वरून शिंपडभर आंबट ताक. आठवड्यातून दोनदा काठीनं ढवळा. घाण वास आला तर ओल जास्त झाली असं समजून वाळका पाला घाला. रश्श्यातली हाडं, मासळी, तेलकट उरलेलं यात टाकू नका, उंदीर येतात. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं.

पहिलं पीक मेथी

वाट बघायची सवय नसलेल्यांनी मेथीनं सुरुवात करावी. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा. क्रेटला आतून जुनी गोणी लावा, पाच इंच माती भरा, दाणे विरळ पसरून फेका, वर अर्धा इंच माती भुरभुरा. झारीनं पाणी द्या, नळीनं नाही, नळीनं दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. ओलं वर्तमानपत्र झाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचललेली दिसली की कागद लगेच काढा. पंचवीस-तीस दिवसांत एक जुडी निघते. धण्यांचं तसं नाही. ते आधी हलक्या हातानं रगडून दोन फाकी करावे लागतात, उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि नवी माणसं सहाव्या दिवशीच माती उकरून बघतात. उकरू नका.

खरं तर पेरणी आपल्याला नवीन नाही. नवरात्रात घट बसवताना पत्रावळीवर शेतातली माती पसरून धान्य पेरतोच ना? नऊ दिवस ओल राखतो, सावलीत ठेवतो, धान कसं पोपटी होत वाढतं ते बघतो. ज्या घरात घट बसतो त्या घराला बी रुजवणं येतंच. मुलांना शिकवायचं तर याच वेळी शिकवा. दोन पत्रावळ्या ठेवा, एकीत पाणी जास्त, एकीत बेतानं, आणि दसऱ्याला दोन्हीतली मुळं धुऊन बघू द्या. जास्त पाण्यातली मुळं तपकिरी आणि मऊ झालेली असतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं मूल आयुष्यात कुंडीत पाणी तुंबू देत नाही.

भोगीच्या दिशेनं

पावटा आधी लावा, गणपतीच्या आसपास. पंचवीस लिटरच्या बादलीत दोन बिया, सुतळीनं वर चढायला वाट. वेल दोन-अडीच महिने नुसता पानं काढत राहील, घाबरून खत वाढवू नका. जवारी पावट्याला दिवस लहान झाल्याशिवाय फूल येत नाही. कार्तिकात फुलं दिसतात आणि पौषात शेंगा.

वांगी आणि मिरचीची रोपं रोपवाटिकेतून आणा. बियांपासून रोपं करणं पुढच्या वर्षी. सप्टेंबरअखेर किंवा घटस्थापनेच्या आठवड्यात, संध्याकाळी लावा, एका बादलीत एकच वांगं. जोडीला दुसरं बसेल असं वाटतं, पण बसत नाही. साठ-सत्तर दिवसांत फळ येतं. गाजराला फूटभर खोल, दगड नसलेली भुसभुशीत माती लागते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला थेट बी पेरा आणि बोटभर झाल्यावर विरळणी करा. विरळणी करताना जीव तुटतो, पण केली नाही तर सगळीच गाजरं पेन्सिलीएवढी राहतात. हरभरा दसऱ्यानंतर क्रेटमध्ये. शेंडे खुडून भाजी करा, खुडल्यानं तो फुटतो आणि घाटेही जास्त लागतात. टोमॅटो हवा असेल तर वांग्याबरोबरच लावा आणि पहिल्याच दिवशी काठी रोवा.

दर पंधरा दिवसांनी खाऊ द्यायचा. सुभाष पाळेकरांनी रूढ केलेलं जीवामृत घरच्या मापानं असं: दहा लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून घालायचं आणि आठवड्यात संपवायचं. वास येतो, म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पाणी घालायची वेळ बोट ठरवेल. दोन पेरं बोट मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. मावा आला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. नाहीच गेला तर लिटरला पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालूनही. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले लेडीबर्ड भुंगे दिसले तर फवारू नका, ते मावा खातात. वांग्याचा शेंडा भर पाण्यातही मान टाकून असला तर आत अळी आहे. शेंडा दोन इंच खाली कापून नष्ट करा. झाडावर ठेवला तर ती फळात शिरते.

पावसाचे महिने आणि उन्हाळा

मृग लागला की सगळ्यांना लागवडीची सुरसुरी येते. दोडका, कारलं, भोपळा यांच्या बिया तेव्हा जरूर लावा. पालेभाजी मात्र जून ते ऑगस्ट उघड्यावर सडते. गौरीच्या नैवेद्याला भाजी-भाकरी हवी असते, तर पत्र्याखाली किंवा छज्जाखाली एखादा क्रेट शेपू चाळीस दिवस आधी पेरा, तेवढाच. मार्च ते मे दुपारी हिरवी जाळी बांधा, आणि वळवाचा पाऊस गारा घेऊन येतो म्हणून मांडव सुतळीनं नाही, तारेनं बांधा.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, चिखली-आंबेवाडी पाण्याखाली गेली आणि शहरात भाजी येईना. २०१९ ला आमच्या गच्चीवर अळू, पुदिना आणि एक दोडक्याचा वेल होता. आठ घरांत किती पुरणार? पण त्यानंतर गल्लीनं गच्ची गंभीरपणे घेतली. आता पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक घर अळूची एक बादली राखतं आणि मूग-मटकी वाळवून ठेवतं. मोडांना रान लागत नाही. ज्यांची जागा नदीजवळ, जमिनीवर आहे त्यांनी पुराचं पाणी शिरलेली उभी पालेभाजी खाऊ नये. त्यात मैला मिसळलेला असतो. काढून टाका, माती महिनाभर उन्हात तापू द्या आणि मगच पेरा. मावशींच्या रानात पाणी शिरलं तेव्हा आम्ही आगाऊ दिलेली रक्कम मागे घेतली नाही. त्यांनी दिवाळीनंतर ती मेथीनं फेडली, आम्ही नको म्हणत असतानाही.

शिकायचं ते गल्लीनं मिळून

महिन्यातून एक रविवार ठरवा, एक तास, एकच काम. एकदा फक्त माती कालवणं, एकदा फक्त रोप लावणं. बोलणं कमी आणि प्रत्येकाचे हात मातीत. आम्ही तालमीच्या पोरांना जड पोती वर चढवायला बोलावलं, त्यातले तिघे आता स्वतः मिरची लावतात. एक वही गच्चीच्या दारात टांगा. काय पेरलं, कधी उगवलं, काय मेलं, का मेलं असं वाटतं. मेलेल्याची नोंद जास्त उपयोगी पडते.

अडलं की विचारायला आपल्याकडे माणसं आहेत. शहरातलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज कृषी महाविद्यालय, तळसंदे आणि कणेरीची कृषी विज्ञान केंद्रं, तालुका कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय. रोगट पान पिशवीत घालून घेऊन जा, फोटोपेक्षा पान बघून लवकर कळतं.

जवळच्या शाळेत परसबाग असेल तर मदतीला जा, नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा. पोषण आहाराच्या योजनेत परसबागेला स्थान आहे. जाताना एका प्रश्नाचं उत्तर घेऊन जा: मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार? आम्ही एका शाळेत याचा विचार केला नव्हता आणि जूनमध्ये मुलांनी वाळलेल्या काटक्या बघितल्या. आता तिथं जुलैत लावतो आणि मार्चअखेर वाफे रिकामे करून पाचट पसरतो.

बी राखायला पहिल्याच वर्षापासून शिका. सगळ्यांत सरस वेलावरच्या चार शेंगा भाजीला न तोडता वाळू द्या, बिया राखेत घोळून कागदी पुडीत ठेवा, वर महिना लिहा. संकरित बियांचं पुढचं पीक सारखं येत नाही, जवारीचं येतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घराघरातलं देशी बी गोळा केलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता प्लॅस्टिकचे डबे लुटत नाहीत. पावट्याच्या, दोडक्याच्या, तांदळीच्या बियांच्या पुड्या देतो. बियाण्यालाही वाणच म्हणतात आणि संक्रांतीच्या लुटीलाही. आमच्यातल्या एका आजींनी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं आणि त्या वर्षी साठ पुड्या गेल्या.

गेल्या भोगीला सकाळी आम्ही सगळ्यांनी गच्चीवर पराती आणल्या. वांगी अकरा निघाली, पावटा दोन पसे, गाजरं बोटभरच पण गोड, हरभऱ्याचे घाटे मुलांनी निम्मे तिथंच सोलून खाल्ले. आठ घरांना ते पुरणार नव्हतं. मावशी त्या दिवशी वार नसताना आल्या, पाटीत बोरं, उसाची कांडी आणि वरचा पावटा घेऊन. खाली पार्किंगमध्ये सगळं एका चादरीवर ओतलं, आठ वाटे केले, नववा वाटा मावशींच्या पाटीत ठेवला आणि जी ती आपल्या चुलीकडे गेली, बाजरीच्या भाकरीवर तीळ लावायचे होते.